राजांची थडगी आणि कारागिरांचे मस्टर

इजिप्तच्या सहलीवर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. दोन वर्षांपूर्वी सोसायटीतले आम्ही सव्वीस जण गेलो होतो. फोटो सर्वांनी ग्रुपवर पाहिलेच आहेत, काहींनी तर दोन-दोनदा. त्यामुळे पिरॅमिड केवढे उंच आणि उंटावर कोण बसले, हे पुन्हा सांगत नाही. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या एका लहानशा गावाबद्दल लिहितो.

लक्सर शहर नाईलच्या पूर्व काठावर आहे. कर्नाक आणि लक्सरची देवळे याच बाजूला. पश्चिमेला, सूर्य मावळतो त्या अंगाला, उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या पोटात राजांची थडगी. या राजांच्या दरीत साठाहून अधिक थडगी सापडली आहेत. एका तिकिटात तीन बघायला मिळतात. तुतनखामेनचे तिकीट वेगळे, आणि ते थडगे लहान. तरीही आमच्यातले निम्मे लोक तिथे गेले, कारण नाव ऐकलेले. हॉवर्ड कार्टरने ते १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये शोधले. सोन्याचे सगळे सामान मात्र केव्हाच कैरोला गेले आहे.

मला स्वतःला तिसऱ्या रामसेसचे थडगे जास्त आवडले. लांबच लांब उतरता बोगदा आणि दोन्ही भिंतींवर रंगीत चित्रे. बोगद्याच्या कडेला छोट्या खोल्या आहेत. त्यातल्या एकीत राजाच्या भटारखान्याचे चित्र होते. कणीक मळणारे, पाव भाजणारे लोक. राजाला परलोकात उपास घडू नये म्हणून ही व्यवस्था. हा भटारखाना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेर आल्यावर बस संगमरवरासारख्या दगडाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानाकडे निघाली. टूर मॅनेजरला विचारले की दुकानाऐवजी देर एल-मदिनाला जाता येईल का? मी निघण्यापूर्वी वाचून ठेवले होते. महिला मंडळाचा थोडा विरोध झाला. शेवटी दोन्ही करायचे ठरले आणि आम्हाला पाऊण तास मिळाला.

देर एल-मदिना म्हणजे ही थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचे गाव. डोंगराच्या अलीकडच्या खोबणीत, चारही बाजूंनी भिंत. मधून एक अरुंद गल्ली आणि दोन्हीकडे एकाला एक लागून घरे, भिंतीच्या आत अडुसष्ट. आता भिंती कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे कमरेएवढ्या उरल्या आहेत. पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, गच्चीवर जायला जिना. गिरगावात वाढलेल्या आमच्या एका मित्राने बघताक्षणी सांगितले, "ही चाळ आहे!" दाराच्या चौकटींवर मालकांची नावेसुद्धा लिहिलेली सापडली. गावात विहीर नव्हती. खालच्या शेतांकडून रोज पाणी वाहून आणावे लागे. त्यांनी खोल खड्डा खणून पाहिला, पाणी लागले नाही. टँकरचे दिवस ज्यांनी काढलेत, त्या आपल्या जुन्या सभासदांना जास्त सांगायला नको.

पण त्याच खड्ड्याने इतिहासावर उपकार केले. नंतर लोकांनी त्यात कचरा टाकला, आणि त्या कचऱ्यात हजारो खापऱ्या आणि दगडाच्या कपच्या निघाल्या. पपायरस महाग, म्हणून रोजची टिपणे अशा कपच्यांवर लिहीत. उसनवारी, पत्रे, भांडणे, पगारपत्रके, सगळे. फ्रेंच संशोधक बर्नार्ड ब्रुयेर यांनी १९२२ पासून जवळजवळ तीस वर्षे इथे उत्खनन केले. म्हणजे तुतनखामेन सापडला त्याच वर्षी डोंगराच्या या बाजूला हे काम सुरू झाले. जगाने मात्र पलीकडेच पाहिले.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली, तेव्हा मला यातले मस्टर सर्वांत जवळचे वाटले. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचे हे हजेरीपत्रक दगडावर आहे आणि हल्ली ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चाळीस कामगारांची नावे, गैरहजेरीचे दिवस आणि वर लाल शाईत कारण. विंचू चावला. डोळे दुखतात. आईचे शव कापडात गुंडाळायचे आहे. घरी बिअर गाळायची आहे. बायकोची किंवा मुलीची पाळी आहे. आणि काही ठिकाणी चक्क ‘साहेबांबरोबर’ असा शेरा! तीन हजार वर्षांत रजेच्या कारणांत फारशी प्रगती नाही. छिन्न्या तांब्याच्या, म्हणून मौल्यवान. त्या वजन करून द्यायच्या आणि वजन करूनच परत घ्यायच्या. दिव्याच्या वातीही मोजून. आमच्या डेड स्टॉक रजिस्टरपेक्षा कडक कारभार.

आपली इमारत उभी राहत होती तेव्हा प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये गवंडी आणि बिगारी सहकुटुंब राहायचे. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्या दप्तरात नाही. या स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधले, त्यातही भूमिपूजनाचे पाहुणेच आहेत. आणि तिकडे कोण कधी विंचवामुळे कामावर आला नाही, हेही आपल्याला माहीत आहे.

त्या काळी नाणी नव्हती. पगार धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार सातू. मुकादमाला साडेपाच आणि दोन. खार हे आपल्या पायलीसारखे माप, पण मोठे, सुमारे सत्त्याहत्तर लिटरचे. गहू म्हणजे आपला खपली गहू, तीच जात. गव्हाची भाकर आणि सातूची बिअर. दहा दिवसांचा आठवडा. आठ दिवस डोंगरापलीकडे काम, मग दोन दिवस घरी. शेत नाही, त्यामुळे सरकारी धान्य आले नाही की चूल बंद.

तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, ते आले नाही. महिन्याचे अठरा दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, असे म्हणत कामगार हत्यारे खाली ठेवून चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि एका देवळामागे जाऊन बसले. मुकादम समजवायला आले, आश्वासने दिली, हे उठेनात. मग ते दुसऱ्या रामसेसच्या देवळात शिरले, कारण धान्याची कोठारे तिथे होती. कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. राजाला कळवा, एवढीच मागणी. गंमत म्हणजे पोलीस प्रमुखानेच त्यांना सांगितले की बायकापोरांना घेऊन या, मी पुढे चालतो. अखेर मागच्या महिन्याचे धान्य मिळाले. पुढेही थकबाकी आणि संप चालूच राहिले. लेखी नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप म्हणून हा ओळखला जातो. आमच्या काळात आम्हीही गेटसमोर घोषणा दिल्या आणि पगार कापून घेतला, पण घरात पीठ होते. फरक मोठा आहे.

आणि राजा तोच, भटारखान्याच्या चित्राचा! ज्यांच्या घरी पीठ नव्हते त्या वसाहतीच्याच लोकांनी त्याच्या भिंतीवर पाव रंगवले होते.

संपाची ही हकीकत ज्या पपायरसवर आहे तो इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. ती गावचा लेखनिक अमेननख्त याची मानली जाते. कारकुनी त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पुढे राज्य दुबळे झाले, हल्लेखोरांच्या भीतीने लोक गाव सोडून मेदिनेत हाबूच्या देवळाच्या तटाआड राहायला गेले. हे देऊळही तिसऱ्या रामसेसचेच. थडग्यांवर चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा राजांच्या ममी काढून नीट गुंडाळून सुरक्षित जागी हलवायचे काम निघाले. तिसऱ्या रामसेसची ममी पुन्हा बांधली, तेव्हा त्यावर शाईने नोंद केली गेली. त्या नोंदीत ज्याच्यावर हे काम सोपवले त्या लेखनिकाचे नाव आहे बुतेहामुन. हा अमेननख्तच्या नातवाचा नातू.

ती ममी १८८१ मध्ये डोंगरातल्या एका लपवलेल्या विवरात सापडली. कैरोच्या नव्या संग्रहालयात आम्ही ती पाहिली. काळपट चेहरा, हात छातीवर. काही वर्षांपूर्वी स्कॅन केल्यावर कळले की त्याचा गळा चिरला होता, राजवाड्यातलाच कट. गाइड त्याबद्दल रंगवून सांगत होता आणि सगळे गळ्याकडे बघत होते. मी कापडाकडे बघत होतो. तेवढ्यात टूर मॅनेजरने विमानतळाची बस लागल्याचे सांगितले.