आई, स्वीट आणि पाचवं जॅकेट

मागच्या वर्षी आईच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही भावंडांनी तिला बार्सिलोनाहून सात दिवसांच्या क्रूझवर नेलं. भावाने हौसेने स्वीट बुक केला होता. सोफा, बाल्कनी, बाथटब आणि दिमतीला एक बटलर! पोरं टेबलावरच्या चॉकलेटांवर तुटून पडली. आईने मात्र कपाट उघडलं, आतली केशरी लाइफ जॅकेटं बाहेर काढली आणि मोजली.

"चारच आहेत गं. आपण पाच."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

आता थोडं मागे जाते. आईचं माहेर अलिबागजवळचं. आजीचा भाऊ मुंबईत गिरणीत होता. १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावस्येच्या दिवशी, तो भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या 'रामदास' बोटीत बसला. भर पावसाळ्यात ती बोट वाटेतच कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. त्या धामधुमीत ही माणसं लोकांच्या आठवणीतून लवकर गेली असावीत, असं मला नेहमी वाटतं. मामाआजोबा सापडलेच नाहीत. त्यानंतर आजीने मुलांना कधी लाँचमध्ये बसू दिलं नाही. समोर मुंबई, तरी सगळे एसटीने पेण-पनवेलचा वळसा घालून जायचे. म्हणजे पंच्याहत्तराव्या वर्षी आई पहिल्यांदा बोटीत चढली होती, आणि तीसुद्धा चौदा मजल्यांच्या!

मौजेखातर समुद्रावर भटकायचं हे वेड तसं जुनं. हॅम्बुर्गच्या अल्बर्ट बालिनपुढे प्रश्न होता, की हिवाळ्यात अटलांटिकचे प्रवासी रोडावतात, मग जहाजं बांधून ठेवायची का? म्हणून २२ जानेवारी १८९१ ला त्याने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे सोडली. (सम्राज्ञीचं नाव खरं तर 'ऑगस्टे', ते जहाजावर चुकीचं रंगवलं आणि पुढे दुरुस्त केलं. असो.) मग १९०० साली त्याने खास सहलींसाठीच 'प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे' बांधून घेतली. तिच्यात सगळ्या खोल्या फर्स्ट क्लासच्या! १९०६ मध्ये ती जमैकाला खडकावर चढली. प्रवासी वाचले, कप्तानाने मात्र स्वतःला गोळी घालून घेतली.

ऐषआराम फार झपाट्याने वाढला, पण सुरक्षेच्या नियमांना प्रत्येक वेळी आधी माणसं मरावी लागली. टायटॅनिकवर सुमारे २२०० माणसं होती आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. त्यानंतर १९१४ साली पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि अगदी अलीकडे, १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटापाशी आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. ३२ जण गेले. २०१५ पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हायला हवी असा नियम झाला.

हे सगळं मी आईला सांगितलं, तिला धीर यावा म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे बुडतात अजून."

बटलरने पाचवं जॅकेट आणून दिलं. कवायतीला आई सगळ्यांच्या आधी हजर. तिथल्या पोरीने जॅकेटचे बंद कसे बांधायचे ते दाखवलं, तर आईने तिला ते पुन्हा दोनदा दाखवायला लावलं आणि मग नातवंडांची उजळणी घेतली.

रात्री उठले तर आई बाल्कनीत बसलेली. खाली काळं पाणी. "मामा पोहणारा होता म्हणे," एवढंच बोलली. मी शेजारी बसले. किती वेळ ते आठवत नाही.

पाचवं जॅकेट तिने उशाशी ठेवलं होतं. रोज सकाळी खोली आवरणारा मुलगा ते कपाटात नीट ठेवायचा आणि रोज रात्री आई ते पुन्हा बाहेर काढायची. शेवटच्या दोन दिवशी त्याने ते उशाशीच, चादरीची घडी घालून व्यवस्थित ठेवलं.