भूखंडाचे रेखांकन: मंजुरी तात्पुरती की अंतिम?

जाहिरातीतील 'एनए प्लॉट' या दोन शब्दांवर भिस्त ठेवून अनेक जण आयुष्याची पुंजी जमिनीत गुंतवितात. मात्र जमीन अकृषिक असणे आणि तिच्या विभागणीचे रेखांकन, म्हणजेच लेआऊट, मंजूर असणे या दोन भिन्न बाबी आहेत.

रेखांकनास मंजुरी मिळते ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये. शहरात हा अधिकार महापालिका वा नगरपरिषदेकडे असतो. ग्रामीण भागात सामान्यतः जिल्हाधिकारी नगररचना शाखेचा अभिप्राय घेऊन निर्णय देतात. छाननीत पोहोच रस्ता, विकास आराखड्यातील आरक्षणे, अंतर्गत रस्त्यांची रुंदी आणि खुली जागा पाहिली जाते. मुंबई व काही क्षेत्रे वगळता डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा अधिक जमिनीत किमान १० टक्के खुली जागा सोडावी लागते. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास, प्रस्ताव नियमांत बसत असेल तर, परवानगी मानीव ठरते. अर्थात त्रुटी कळविल्या गेल्यास ही मुदत त्यांच्या पूर्ततेपासून मोजली जाते, हे अर्जदारांच्या सहसा लक्षात येत नाही.

खरी मेख दोन टप्प्यांत आहे. प्रथम तात्पुरती मंजुरी मिळते. त्यानंतर मालकाने जागेवर भूखंड व रस्ते आखून भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावयाची आणि रस्ते, गटारे आदी अटी पूर्ण करावयाच्या. मगच अंतिम मंजुरी. पुढे कमी-जास्त पत्रक तयार होऊन प्रत्येक भूखंडाचा स्वतंत्र सातबारा निघतो. विक्रेत्याच्या हाती केवळ तात्पुरता नकाशा असेल, तर मोजणीनंतर भूखंडाचे क्षेत्र वा हद्द बदलू शकते. रस्ते अपुरे राहिल्यास अंतिम मंजुरी रखडते आणि घरबांधणीचा परवानाही अडकतो.

रेखांकनाविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींसाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला. त्याची १ जानेवारी २००१ ही मर्यादा २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. त्यानंतरच्या तुकड्यांना या सवलतीचा आधार नाही.

व्यवहारापूर्वी अंतिम मंजुरीचा क्रमांक, दिनांक व शिक्क्याचा नकाशा मागावा. पाचशे चौरस मीटरहून मोठा आणि आठांहून अधिक भूखंडांचा प्रकल्प असल्यास 'महारेरा' नोंदणीही तपासावी. विक्रेता नकाशा देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागता येते. ती घेऊन जागेवर जावे आणि नकाशातील खुली जागा प्रत्यक्षात मोकळी आहे का, हे आधी पाहावे.