कॅमेरा मुलांच्या हाती : दिव्यांग बालके आणि सहभागी चित्रफीत

दिव्यांग मुलांविषयीचे संशोधन बहुधा पालक, शिक्षक व डॉक्टर यांना प्रश्न विचारून पूर्ण केले जाते. खुद्द मुलाचे म्हणणे क्वचितच नोंदविले जाते. ही उणीव भरून काढणारी एक पद्धत म्हणजे ‘सहभागी चित्रफीत’. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील वाचकांना तिचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

उगम

१९६७ साली कॅनडातील फोगो बेटावरील मच्छीमारांवर स्थलांतराची टांगती तलवार होती. तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो यांनी बेटावर लघुपट तयार केले. बेटवासीयांनी ते आधी आपसांत पाहिले व नंतर शासनाला दाखविले. स्थलांतर टळले आणि मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. पुढे कॅमेरे हलके व स्वस्त झाले, तसे चित्रणही लोकांच्याच हाती आले.

कार्यपद्धती

मुलांचा लहान गट प्रथम खेळातून कॅमेरा शिकतो. काय दाखवायचे ते मुले चित्रे काढून ठरवितात, आळीपाळीने चित्रण करतात आणि एकत्र बसून ते पाहतात. अंध मूल ध्वनिमुद्रण व मुलाखती सांभाळते; कर्णबधिर मूल खुणांच्या भाषेत बोलते; हातात बळ नसलेल्या मुलासाठी कॅमेरा तिपाईवर बसवितात. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाने मराठीतच बोलावे, असा आग्रह नसावा.

आपल्या भागातील प्रश्न

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार या जिल्ह्यांत आढळतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. गडचिरोलीत १९८६ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्च’ संस्थेने आरंभीच्या काळात त्याची पाहणी केली होती. परंतु लोकांना तो आपला प्रश्न वाटत नव्हता, असे डॉ. अभय बंग यांनी पुढे लिहिले. प्रश्न कोणी निवडावा, हा मुद्दा म्हणूनच मूलभूत ठरतो.

सिकलसेलचे मूल वरकरणी धडधाकट दिसते. थंडी, अतिश्रम व अपुरे पाणी यांमुळे त्याला तीव्र वेदना होऊ शकतात. प्रश्नावलीत ‘वेदना होतात का?’ एवढेच विचारले जाते. तेच मूल कॅमेरा घेऊन निघाले, तर वसतिगृहातील पहाटेचे थंड पाणी, नळापर्यंतचे अंतर आणि ‘आळशी’ म्हणून होणारी हेटाळणी, हे सारे दाखवू शकते. उपचाराइतकीच उपयुक्त अशी ही माहिती आहे.

संमती व कायदा

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याचे कलम ७ दिव्यांग मुलांना आपले मत मांडण्याचा अधिकार देते. २०१६ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यापूर्वी तिला समजेल अशा रीतीने माहिती देऊन मुक्त संमती घेणे आणि विहित समितीची पूर्वपरवानगी मिळविणे आवश्यक आहे. त्या समितीत निम्म्याहून कमी नसतील इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थेचे असावे लागतात. पालकांची सही आवश्यकच. तथापि मुलाचा नकार त्या सहीने पुसला जात नाही.

लहान गावात चेहरा लपत नाही. आज उत्साहाने दाखविलेला आजार उद्या विवाहाच्या बोलणीत आड येऊ शकतो. म्हणून चित्रणाची, गावात दाखविण्याची आणि इंटरनेटवर ठेवण्याची संमती वेगवेगळी घ्यावी.

आपल्या धर्मग्रामातील शाळेत वा वसतिगृहात असा प्रकल्प आल्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत : विषय कोणी निवडला? चित्रफीत कोणाच्या ताब्यात राहील? नको असलेला भाग मुलाला काढून टाकता येईल का? आणि निष्कर्ष सर्वप्रथम कोणाला दाखविले जातील? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘मुलांना’ असे नसेल, तर त्या कामाला सहभागी म्हणता येणार नाही, असे आम्हांस वाटते.