पत्रातली मावशी



परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका आजीने पेटीतून निळं आंतरदेशीय पत्र काढलं. वैनगंगेपलीकडे दिलेल्या बहिणीचं. वाचून झालं तेव्हा सगळ्या गप्प होत्या. म्हणून आज पत्रांचीच गोष्ट.

१८८० साल. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या. तिथल्या मासिकात गोपाळराव जोशी या मराठी माणसाबद्दल छापून आलं होतं. त्यांना बायकोला शिकवायचं होतं. ती बायको म्हणजे आनंदीबाई, वय पंधरा. दहा दिवसांचं बाळ गमावलेली आई. कार्पेंटरबाईंनी तिला पत्र लिहिलं.

मग जहाजाने पत्रं येऊ-जाऊ लागली. सणवार, बालविवाह, दुखणी, सगळंच त्यात. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. इकडे आजारपण आलं तर मावशीने तिकडून औषधं पाठवली, आपल्या घरी राहायला बोलावलं. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई नवऱ्याविना कोलकात्याहून जहाजात बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न पाहिलेली मावशी घ्यायला आली होती.

अमेरिकेतून त्यांनी नवऱ्यालाही पत्रं लिहिली. लहानपणी खाल्लेल्या माराचा जाब त्यांनी एका पत्रातच विचारला. घरात जे तोंडातून निघालं नाही, ते कागदावर उतरलं.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. तो सोहळा पाहायला नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. पुढे रमाबाई अमेरिकाभर फिरल्या आणि १८८९ मध्ये त्यांचं मराठी प्रवासवर्णन छापून आलं. आनंदीबाई मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांची रक्षा मावशीकडे अमेरिकेला गेली. कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ती आजही आहे.

पत्रं जपली गेली म्हणून काशीबाई कानिटकरांना आनंदीबाईंचं चरित्र लिहिता आलं. नाहीतर आपल्याला फक्त पदवी कळली असती, बाई कळली नसती.

आपण आता फोनवर बोलतो, निरोप पुसले जातात. तेव्हा पुढच्या बैठकीला घरातलं एखादं जुनं पत्र घेऊन या. नसेल तर मैत्रिणीला एक लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती लिहील. शब्द तुमचेच असू द्या.