तोडणे: साताऱ्याच्या तारांपासून सांगलीच्या उसापर्यंत

मोडणे, फोडणे आणि तोडणे ही क्रियापदे एकमेकांच्या कामात सहसा पडत नाहीत. काठी मोडते, मडके फुटते, दोरी तुटते. तोडण्यासाठी वस्तू कशाला तरी लागलेली किंवा दोन टोके जोडणारी असावी लागते. म्हणून फळ तोडतात, नाते तोडतात. ठरलेली सोयरीक मात्र मोडते. तुटणे-तोडणे ही जोडी सुटणे-सोडणे, फुटणे-फोडणे यांच्याच घडणीची आहे.

राज्यकारभारात तोडणे आले ते जमिनीच्या निमित्ताने. ताब्यातला प्रदेश दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे मुलूख तोडून देणे. 1731 च्या तहाने वारणा नदी सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची सीमा ठरली आणि दक्षिणेकडचा मुलूख कोल्हापूरला मिळाला. पुढे सांगली जिल्हाही साताऱ्यातूनच निघाला. 1949 मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले, संस्थानी गावे जोडून दक्षिण सातारा तयार झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

1942 च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ चळवळ सुरू झाल्यानंतर साताऱ्यात तोडणे म्हणजे तारा तोडणे. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली. तालुक्याची कचेरी पोलिसांची कुमक मागवायची ती तारेने, त्यामुळे तार तुटली की सरकार काही तास तरी मुके होई. नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, 7 जून 1943 रोजी, त्या सरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ गाडी अडवून रेल्वेच्या पगाराची रक्कम लुटली. अशा सगळ्याच कारवायांना ‘तोडफोड’ म्हणण्याची पद्धत पडली. हा जोडशब्द थोडा अन्यायाचाच आहे, कारण नेमकी तार हेरून तोडणे आणि दिसेल ते फोडणे यांत फरक आहे.

स्वातंत्र्यानंतर या भूमिगतांपैकी काहींनी साखर कारखाने उभे केले: सांगलीत वसंतदादा पाटील, वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलला जी. डी. बापू लाड. कृष्णाकाठच्या गावांत आता तोड म्हणजे उसाची तोड. ज्वारी काढतात, भात कापतात, ऊस तोडतात; हातात कोयता असला तरी उसाला कापणे चालत नाही. प्रत्येक ऊस बुडख्याशी वेगळा करायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, म्हणून गाळपाचा दिवस कारखाना ठरवतो आणि शेतकरी पाळीची वाट पाहतो. ‘तोड आली का?’ हा हिवाळ्यातला नेहमीचा प्रश्न असतो. मुकादमाने उचल देऊन आणलेली टोळी बीडकडची असो की जतची, तिच्या कामाला तोडणी म्हणतात. अलीकडे फडात यंत्र उतरले आहे, तेही ऊसतोडणी यंत्र या नावानेच ओळखले जाते.