थापाथलीची एक सकाळ

भिलाईत उन्हाळा तापू लागला, की घरोघरी हिमालयाच्या गोष्टी निघतात. पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेल्या या नगरातील मराठी कुटुंबास देशाबाहेरचा हिमालय पाहावयाचा असेल, तर नेपाळइतके सोयीचे दुसरे ठिकाण नाही. शेजारच्या दुर्गहून नौतनव्यापर्यंत आगगाडी जाते. तेथून सोनौलीची सरहद्द अगदी जवळ. भारतीयांना व्हिसा लागत नाही. मोठ्या माणसांनी पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवले म्हणजे झाले. पुढे लुंबिनी, पाल्पा, पोखरा आणि काठमांडू, असा क्रम सहज लावता येतो. या आखणीत काठमांडूच्या थापाथलीसाठी एक सकाळ राखून ठेवावी, असे मी सुचवीन.

कारण याच डोंगरांच्या आश्रयाला एकदा एक मराठी कुटुंब गेले होते, आणि बेत आखण्यास त्याला सवड मिळाली नव्हती. १८५७ साली कानपूर हातचे गेले, ब्रह्मावर्ताचा वाडा इंग्रजांनी उद्ध्वस्त केला, आणि १८५८-५९ च्या हिवाळ्यात नानासाहेब पेशवे राप्ती ओलांडून नेपाळच्या तराईत शिरले. मागे इंग्रजांची फौज, पुढे हिवतापाचे अरण्य! नानासाहेबांचा शेवट कोठे झाला, याविषयी इतिहासकारांत अद्याप एकमत नाही. घरच्या स्त्रियांची वाट मात्र काठमांडूपर्यंत पोहोचते. दुसऱ्या बाजीरावांच्या विधवा आणि नानासाहेबांच्या पत्नी काशीबाई यांना जंगबहादुर राणा यांनी आसरा दिला. बागमतीकाठच्या थापाथलीस त्या राहिल्या.

हेच जंगबहादुर १८५८ मध्ये गुरख्यांची फौज घेऊन लखनौवर इंग्रजांच्या मदतीस गेले होते. त्या साह्याबद्दल १८६० मध्ये तराईचा पश्चिम भाग नेपाळास परत मिळाला. तरीही पराभूतांच्या स्त्रियांना त्यांनी दार बंद केले नाही. अवधच्या बेगम हजरत महल यांनाही तेथेच थारा मिळाला. १८७९ मध्ये त्या काठमांडूतच वारल्या. त्यांची कबर आजही त्या शहरात आहे.

आपण निघताना लोकरी कपडे मोजतो, औषधे बांधतो आणि परतीचे आरक्षण दोनदा तपासून पाहतो. त्या स्त्रिया निघाल्या तेव्हा परतीचा दिवस कोणालाच सांगता येत नव्हता. म्हणून पशुपतिनाथाचे दर्शन झाल्यावर मुलांना घेऊन थोडा वेळ थापाथलीला जावे आणि बागमतीच्या काठी उभे राहून त्यांना ही हकिकत सांगावी. परक्या देशात आपल्या माणसांना कोणी छप्पर दिले होते, हे त्यांच्या कानांवर पडलेले बरे.