मितान : कानामागच्या रोपापासून सरकारी क्लबापर्यंत

गावोगावच्या तरुणांना सार्वजनिक कामात ओढण्यासाठी छत्तीसगढ सरकारने २०२१ साली राजीव युवा मितान क्लब ही योजना आणली. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि शहरातल्या प्रत्येक वॉर्डात एक क्लब, १५ ते ४० वर्षे वयाचे सभासद आणि वर्षाला एक लाख रुपये, अशी तिची रचना होती. नावातला ‘राजीव’ सहज उलगडतो. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१वी घटनादुरुस्ती राजीव गांधींच्या सरकारने केली आणि ती २८ मार्च १९८९ला लागू झाली. ‘मितान’चे कूळ मात्र फार जुने आहे.

छत्तीसगढमध्ये मैत्री विधीपूर्वक ‘बदली’ जाते, म्हणजे साक्षीने पक्की केली जाते; असा जोडलेला मित्र म्हणजे ‘मितान’. जगन्नाथपुरीचा महाप्रसाद एकमेकांना देऊन दोघे ‘महाप्रसाद’ होतात. गंगेचे पाणी दिले तर ‘गंगाजल’, तुळशीचे पान दिले तर ‘तुलसीदल’. दवण्याच्या पानाने जुळलेले ‘दौनापान’. यांतला सर्वांत देखणा प्रकार भोजलीचा. श्रावणात मुली टोपलीत गहू पेरतात आणि टोपली सावलीत ठेवतात. उन्हाअभावी रोपे पिवळसर, लवलवीत वाढतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत ती तळ्यावर नेऊन शिरवली जातात. थोडी रोपे मात्र मागे ठेवतात. दोघी मैत्रिणी ती एकमेकींच्या कानामागे खोवतात आणि त्या दिवसापासून एकमेकींच्या ‘भोजली’ होतात. पुढे आयुष्यभर नावाने हाक मारायची नाही. भेटले की ‘सीताराम भोजली’, ‘सीताराम महाप्रसाद’. मितानाचे वडील ‘फूलददा’, आई ‘फूलदाई’. लग्नात, मर्तिकात सख्ख्या नातलगासारखे उभे राहावे लागते. हे नाते जात ओलांडूनही जोडता येते आणि त्यात थोरला-धाकटा नसतो. तरुणांना बोलते करू पाहणाऱ्या संस्थेला याहून नेमका पूर्वज मिळणे कठीण.

मराठी वाचकाला इथे दुसराच दुवा चटकन सुचेल. जानेवारी १९००मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर संपादक, वामन बळीराम लाखे प्रकाशक, तिघेही मराठी. सप्रे तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. तरुणांनी ‘मित्र’ म्हणून लोकांपुढे येण्याची ही परंपरा क्लबापर्यंत पोचली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. ‘मित्र’ हे त्या काळच्या नियतकालिकांचे रुळलेले नाव होते आणि हे मासिक तीन वर्षांत बंद पडले. पुढचा धागा जुळत नाही.

दुसरा दावेदार अधिक बळकट आहे. १९७२मध्ये नेहरू युवा केंद्रे सुरू झाली आणि त्यांच्यामार्फत गावोगाव युवा मंडळे उभी राहिली. गावातले तरुण सभासद, खेळ, श्रमदान, सांस्कृतिक कार्यक्रम, हा क्लबाचा सांगाडा तिथूनच आलेला दिसतो. तो मान्य करायलाच हवा. पण हे क्लब युवा मंडळाचे वारस असतील, तर त्यांना ‘मितान’ का म्हणावे?

याचे उत्तर रायपूरच्या आरोग्य विभागाकडे जाते. राज्य नवे असताना, अजित जोगी मुख्यमंत्री असताना, २००२मध्ये ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक पाड्याने, तिकडच्या भाषेत पाऱ्याने, आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिने वस्तीच्या आरोग्याची काळजी घ्यायची. पदनाम म्हणून थेट ‘सखी’साठीचा रूढ शब्द घेतला गेला. विधीतले नाते प्रथम शासनात शिरले ते इथे. २००५मध्ये देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेने ज्या प्रयोगांवरून धडा घेतला, त्यांत मितानिन ठळक होती. एकदा हे नाव लोकांच्या विश्वासाला उतरल्यावर ते इतरत्रही चालू लागले. २०२१मध्ये युवा मितान आले आणि मे २०२२मध्ये दाखले घरपोच देणारी मुख्यमंत्री मितान योजना. क्लबाचा सांगाडा युवा मंडळाचा, पण नाव आणि पत मितानिनची, हाच निष्कर्ष सर्वांत सयुक्तिक ठरतो.

उसनवारीत एक गोष्ट मिळाली आणि एक हरवली. ग्रामसभेचे सभासदत्व मतदारयादीतल्यांपुरते, म्हणून १८च्या आतल्यांना तिथे जागा नाही. क्लबाने १५ वर्षांच्या मुलाला सार्वजनिक कामात जागा दिली, ही मोठीच गोष्ट. पण मितानाच्या नात्यात देणेघेणे दोन्ही बाजूंनी असते. क्लबात पैसा आणि कार्यक्रम वरून येत होते. त्याचे सर्वांत ठळक काम म्हणजे ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेले छत्तीसगढिया ऑलिम्पिक. पारंपरिक खेळांच्या या सहा टप्प्यांच्या स्पर्धेची पहिली पायरी क्लबाची होती. गावाचे मैदान तरुणांच्या हाती आले, पंचायतीच्या खर्चावर सल्ला देण्याचा हक्क काही आला नाही.

डिसेंबर २०२३मध्ये सरकार बदलले आणि एका पक्षाच्या नेत्याचे नाव घेऊन उभी राहिलेली ही योजना मागे पडली. मितानिन मात्र जोगींनंतर रमणसिंहांची १५ वर्षे, मग भूपेश बघेल आणि पुढे विष्णुदेव साय यांच्या काळातही काम करत राहिल्या. त्यांची निवड पाऱ्याने केली होती, हे त्यामागचे मुख्य कारण असावे.